बिनखसखशीचा पांढरा रस्सा

“अगं, त्यात काय, सोपं तर असतं,” अंजली म्हणाली आणि सुगतला डाव्या बरगडीखाली काहीतरी टोचलं. म्हणजे अगदी खरोखर टोचलं. हातातली वाटी खाली ठेवून त्यानं तिथं बोटानं दाबून पाहिलं, दुखत तर नव्हतं. रविवारची दुपार होती, सिंगापुरात बुकित तिमाहच्या त्या कॉन्डोत नवव्या मजल्यावरच्या गारेगार हॉलमध्ये मराठी मंडळातली चौदा माणसं पांढरा रस्सा ओरपत होती, आणि घरची यजमानीण नीता वाटीच्या कडेचा शेवटचा थेंब बोटानं निपटून नुकतीच म्हणाली होती, “अंजली, तुझ्या हाताला काय चव आहे गं.” हे वाक्य सुगतनं चार वर्षांत निदान पंधरा वेळा ऐकलं होतं. त्याचं त्याला कधी काही वाटलं नव्हतं, उलट आतल्या आत गुदगुल्या व्हायच्या. पण सोपं? सकाळी सहाला यिशुनहून निघून टेक्का मार्केट गाठायचं, बोकडाच्या कुठल्या भागाचं मटण हे खाटकाला हिंदी, इंग्रजी आणि हातवारे अशा तिन्ही भाषांत पटवायचं, त्या मटणाचं अळणी पाणी मंद आचेवर दोन तास नुसतं बघत बसायचं, नारळाचं दूध फुटू नये म्हणून शेवटची दहा मिनिटं श्वाससुद्धा बेतानं घ्यायचा, आणि हे सगळं ज्यानं केलं तो बाजूला दही-भाताची बशी घेऊन उभा असताना, कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या हे ज्या बाईला नवऱ्याला विचारावं लागतं, ती म्हणते सोपं असतं. श्रेय नेलंस तर ने बाई, ते मीच तुला दिलंय. पण निदान अवघड आहे एवढं तरी म्हण.

नीताचं तेवढ्यावर भागलं नाही. मंडळातर्फे पाककृतींचं पुस्तक काढायचं चाललं होतं. पुण्याकडचे पदार्थ तिनं स्वतःकडे ठेवले होते, कोकण एका सारस्वत बाईंना दिलं होतं, आणि ‘दक्षिण महाराष्ट्राची चव’ हा भाग, म्हणजे कोल्हापूर, गडहिंग्लज, सांगली वगैरे सगळं, अंजलीच्या गळ्यात घातलं होतं. नावासकट आणि फोटोसकट. “तीन आठवड्यांनी मी कॅमेरा घेऊन तुझ्याकडेच येते. सुगतचे बाबाही असतील ना तेव्हा? म्हणजे अस्सल माणसाची साक्ष,” ती म्हणाली. तिचा नवरा प्रबोध, जो रॅफल्स प्लेसला सुगतच्याच बँकेत दोन मजले वर बसायचा, त्यानं ‘वा वा’ केलं. आणि कोपऱ्यातून कोल्हापूरचा विश्वास म्हणाला, “साक्ष कसली, सुगतच्या आबांच्या वसतिगृहात राहून त्यांच्या रश्श्यावर मी डिप्लोमा केलाय.” सगळे हसले. सुगतही हसला, आणि हसताना त्याला परत टोचलं.

घरी जाताना बसमध्ये रिकामं पातेलं त्याच्या मांडीवर होतं. अंजली खिडकीशी, आणि मधे आठ वर्षांची प्रियदर्शिनी, तिचं डोकं पातेल्यावर टेकलेलं. या टोचण्याचं करायचं काय, हे त्याला समजेना. तक्रार करायला तोंड नव्हतं. सगळं त्यानंच तर केलं होतं. दोन हजार दोन साली ते इथं आले, यिशुनला भाड्याचा फ्लॅट घेतला, आणि महिन्याभरात विश्वासला जेवायला बोलावलं. अंजलीनं मोठ्या हौसेनं भेंडीची भाजी टाकली आणि ती खाली लागल्याचं तिला धूर दिसल्यावर कळलं. त्यात तिचा तरी काय दोष? चेंबूरच्या घरी तिच्या आईनं तिला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी फिरकू दिलं नव्हतं, पोरगी शिकली पाहिजे म्हणून. आणि कोल्हापूरला सुगतच्या वडलांनी नेमकं तेच केलं होतं. दोन्ही घरांनी मिळून या संसारात एकही स्वयंपाकी येणार नाही याची चोख व्यवस्था केली होती. त्या दिवशी विश्वास यायला जेमतेम दोन तास उरले असताना सुगत पायजम्यातच ओट्याशी उभा राहिला. फ्रीजमध्ये मटण होतं, नारळाचं दूध डब्यातलं होतं. हात आपोआप चालायला लागले, आणि ते आपलेच आहेत यावर त्याचा विश्वास बसेना. विश्वासनं पहिला घोट घेतला, वाटी खाली ठेवली आणि डोळे पुसले. “कुणी केला हा?” त्यानं विचारलं. सुगतनं क्षणाचाही विचार न करता सांगितलं, “अंजलीनं.”

क्षणाचाही विचार केला नाही असं म्हणणं खोटं आहे. त्या एका क्षणात त्यानं बराच विचार केला होता. विश्वास दर शनिवारी आईला फोन करणार, विश्वासची आई हल्ली आबांच्या वसतिगृहाच्या मागच्या गल्लीत राहते, रविवारी सकाळी ती आबांना गाठणार, आणि दुपारपर्यंत आबांना कळणार की पोरानं पळी धरली.

आबा, म्हणजे सुगतचे वडील यादवराव, कोल्हापुरातल्या मुलांच्या एका वसतिगृहात एकतीस वर्षं आचारी होते. खेड्यापाड्यांतून, बहुतेक बुद्धवाड्यांतून शिकायला आलेली दोनशे पोरं, सकाळ-संध्याकाळ भाकरी आणि आमटी, आणि महिन्यातून दोन रविवार मटण. वसतिगृहाच्या मागची एक खोली हे त्यांचं घर. तिथला दिवा इतका मिणमिणता की सुगतचा अभ्यास भटारखान्यातच व्हायचा, तांदळाच्या पोत्यावर बसून. आबा ढवळता ढवळता पाढे म्हणून घ्यायचे. खोबऱ्याचा वास सुटला की सोळाचा पाढा संपलेला असायचा, लवंग-दालचिनी तडतडली की सतराचा सुरू. अजूनही बँकेत काही हिशेब करताना सोळा सत्ते मनात आलं की सुगतला भाजलेलं खोबरं आठवायचं आणि नको त्या वेळी भूक लागायची. “नजर पुस्तकात. कढईत बघायचं न्हाई,” हा आबांचा हुकूम. त्यानं तो पाळला. पण नाकाला पुस्तकात कोण कोंबणार? दहा वर्षांचा असताना एकदा आबा बाहेर गेले म्हणून त्यानं उतू जाणारा रस्सा पळीनं ढवळून खाली बसवला. आबांनी दारातून ते पाहिलं आणि त्याच्या हातावर फटका मारला. आयुष्यातला एकच फटका. “ह्या हातात पेन धरायचं,” ते म्हणाले. “पळी माझ्यापाशी थांबली.” नंतर त्यांनीच त्या हाताला खोबरेल लावलं, पण बोलले काही नाहीत. सुगत इंजिनियर झाला, पुण्यात नोकरीला लागला, सिंगापूरला आला, आणि सदतिसाव्या वर्षी पळी हातात घेताना अजूनही दाराकडे एकदा बघून घ्यायचा.

खोटं बोलायला एकदा सुरुवात केली की ते काही वाटीभर राहत नाही. विश्वासनं मंडळात सांगितलं, मंडळानं अंजलीला डोक्यावर घेतलं, आणि दर रविवारच्या फोनवर आबा खूश. “इश्वासची आई सांगत हुती, सूनबाईचा रस्सा तिकडं लई गाजलाय म्हणं. आमच्या घरची चव तिच्याकडं कशी गेली रं? बेबीनं शिकवली का तिला?” बेबी म्हणजे सुगतची आई. सुगत फोनच्या दोरीला पीळ घालत “तिची हौस आहे” वगैरे म्हणायचा. आबांना सुनेचा अभिमान वाटतोय, हे ऐकून त्याला बरं वाटायचं आणि पाच मिनिटांनी वाईट वाटायचं. त्याला हवं होतं फक्त एवढंच, की आबांनी तो रस्सा एकदा खावा आणि चांगला झालाय म्हणावं. आणि त्याला भीती होती तीही एवढीच, की तो कुणी केला हे आबांना कळावं. एकाच माणसाबद्दलच्या या दोन गोष्टी एका डोक्यात ठेवून तो चार वर्षं रोज एमआरटीच्या गाडीनं रॅफल्स प्लेसला ये-जा करत होता.

बरं, तो रस्सा नुसता आबांचा उरला नव्हता, यातच तर खरी मेख होती. कोल्हापूरच्या पांढऱ्या रश्श्यात खसखस लागते, आणि सिंगापुरात खसखस आणायला बंदी. अफूच्या झाडाचं बी, त्यामुळे सरकारच्या लेखी ती आणणारा माणूस आणि अमली पदार्थ आणणारा माणूस यांत फारसा फरक नाही. हे त्याला विमानातच एका सहप्रवाशानं सांगितलं होतं, आणि आईनं बांधून दिलेली पाव किलोची पुरचुंडी त्यानं विमानाच्या संडासात रिकामी केली होती. पुढे दीड वर्ष प्रयोग चालले. नुसते काजू घालून पाहिले तर रस्सा गोडसर, लग्नाच्या हॉलमधला लागायचा. तीळ घातले तर कडवट. टरबुजाच्या बिया घातल्या तर कशाचीच चव लागेना. शेवटी यिशुनच्या बाजारात मसाले वाटून देणाऱ्या एका मलय मावशीनं त्याची अडचण हातवाऱ्यांवरून ओळखली आणि मूठभर पांढऱ्या, तेलकट बिया पुढे केल्या. बुआ केरास. कच्च्या खायच्या नाहीत, पोट बिघडतं, भाजून वाटायच्या. त्यानं त्या भाजल्या, दोन काजूंबरोबर वाटल्या, रश्श्यात सोडल्या, आणि ओट्याशी उभ्याउभ्या त्याला असं काही वाटलं की शेजारच्या चिनी म्हाताऱ्याला बोलावून सांगावं. सांगितलं कुणालाच नाही. अंजलीलासुद्धा नाही. तिला वाटायचं, काजू असतील.

पुस्तकासाठी कृती लिहायची वेळ आली ती ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत. समोर स्क्रीनवर बँकेच्या सिस्टिममधल्या चुका उघड्या होत्या, आणि सुगत बॉलपेननं लिहीत होता, ‘सौ. अंजली, यिशुन, यांच्या हातचा पांढरा रस्सा’. लिहिताना हात अडखळला नाही. अळणी पाणी, आलं-लसूण, दालचिनीचा तुकडा, हिरव्या मिरच्या उभ्या चिरून, सगळं त्यानं पाढे लिहावे तसं लिहून काढलं. वाटणाशी मात्र तो थांबला. ‘बुआ केरास’ हे दोन शब्द कागदावर यायला तयार होईनात. नाव तिचं, फोटो तिचा, मंडळ तिचं कौतुक करणार, करो बापडं. पण त्या बिया त्यानं शोधल्या होत्या. त्या भाजताना त्याची दोन बोटं भाजली होती. त्यानं खाली-वर बघितलं, आणि बालपणापासून पाठ असलेलं लिहून टाकलं, ‘खसखस चार चमचे, कोमट पाण्यात भिजवून’. लिहिल्यावर त्याला फार गार वाटलं. आपण जरा हलकटपणा केला आहे, हे समजत असूनही गार वाटलं. कागद त्यानं अंजलीला दिला आणि तिनं तो परीक्षेच्या आदल्या दिवसासारखा पाठ केला.

आबा आले ते सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, एकटेच, कारण सुगतची आई धाकट्या लेकीच्या बाळंतपणात गुंतली होती. बॅगेत दोन धोतरं, चिक्कीचे डबे, आणि अंजलीसाठी एक इरकली साडी. खसखस आणायची नाही, हे सुगतनं फोनवर अकरा वेळा बजावलं होतं, आणि विमानतळाबाहेर आल्या आल्या आबांनी पहिलं वाक्य उच्चारलं ते “न्हाई आणली” हे. मग आठ दिवस जे चाललं त्याला संसार म्हणणं कठीण आहे. आचारी माणूस, पहाटे चारला उठायची एकतीस वर्षांची सवय, त्यामुळे ते झोपेत असताना स्वयंपाक उरकावा ही सोय नव्हती. सुगत आणि अंजली दोघांनीही सुट्टी घेतली होती. सुगत त्यांना प्रियदर्शिनीबरोबर खाली तळ्याकाठी फिरायला धाडायचा. पोरीला सांगून ठेवलं होतं, दोन तास तरी वर यायचं नाही. “बट आजोबा वॉक्स सो फास्ट, बाबा, हाऊ टू स्टॉप हिम?” ती शाळेतल्या सिंगापुरी इंग्रजीत वैतागून म्हणायची. “डक्स दाखव त्यांना,” सुगत सांगायचा. “सीन ऑलरेडी लाह. थ्री टाइम्स.” तेवढ्या वेळात सुगतनं सगळं करायचं, पळी अंजलीच्या हातात द्यायची, आणि तिच्या बोटांना कांदा चोळायचा. हो, कांदा चोळायचा. आबांना वासावरून कळलं असतं. अंजली एका संशोधन केंद्रात उंदरांवर काम करायची. उंदराच्या शेपटीकडे बघून तो आजारी आहे की नाही हे सांगणारी बाई, आणि इथं नवरा तिच्या बोटांना कांदा लावत होता. “सुगत, सांगून टाक ना एकदाचं,” ती तिसऱ्या दिवशी म्हणाली. “काय करतील ते? मारतील?” “मारणार नाहीत,” सुगत म्हणाला. “तेच तर.” तिला ते कळलं नाही, आणि खरं म्हणजे त्यालाही नीट कळलं नव्हतं.

आबा दार उघडून यायचे, पाय धुऊन टेबलाशी बसायचे, आणि गप्प जेवायचे. पहिल्या दिवशी तांबडा, दुसऱ्या दिवशी पांढरा, मग खारं वांगं, अख्खा मसूर, झुणका. सुगत वाढायला उभा. अंजली आणि प्रियदर्शिनी तुटून पडलेल्या. आबा घास खाली उतरवायचे, कुठंतरी भिंतीकडे बघायचे, पुढचा घास घ्यायचे. चांगलं नाही, वाईट नाही, मीठ कमी नाही, तिखट जास्त नाही. सुगतला वाटायचं, माणसानं निदान खाकरावं. आबांना फोनवर बोलताना एवढा पुळका यायचा, आणि आता समोर ताट असताना शब्द नाही. म्हणजे आवडत नाहीय. सुनेला वाईट वाटू नये म्हणून बोलत नाहीयेत. पाचव्या दिवशी त्यानं मुद्दाम पांढऱ्या रश्श्याला अर्धी मिरची जास्त घातली, नुसतं बघायला. आबांनी दोन वाट्या घेतल्या आणि भिंतीकडे बघितलं. अंजली जेवून उठल्यावर सुगत ओट्याशी उभ्यानं दोन घास दही-भात ढकलायचा आणि पातेली घासायला घ्यायचा. बुद्धाच्या फोटोखालच्या खुर्चीत आबा डोळे मिटून बसलेले असायचे. झोपलेत की नाही कळायचं नाही.

रविवारी नीता कॅमेरा घेऊन आली, प्रबोध आणि विश्वास बरोबर. यिशुनच्या त्या टेबलाला माणसं सात आणि खुर्च्या सहा, म्हणून सुगत वाढायला उभा राहिला हे कुणाला वावगं वाटलं नाही. विश्वासनं आल्या आल्या आबांच्या पायांना हात लावला. आबांना मधली खुर्ची दिली. नीतानं अंजलीला ओट्यापाशी उभं केलं, इरकली साडी, हातात पळी. अंजलीनं ती प्रयोगशाळेतली पिपेट धरावी तशी तीन बोटांत धरली. “अगं, जरा बायकांसारखी धर,” नीता म्हणाली आणि तीन फोटो काढले. मग सगळे बसले. रस्सा वाढला गेला, सगळ्यांनी पहिला घोट घेतला, आणि नीतानं वाटीशेजारी वही उघडून कृतीचा कागद वाचायला घेतला. “अळणी पाणी, दीड लिटर. बरं. आलं-लसूण. बरं. खसखस चार चमचे.” ती थांबली. “खसखस? अंजली, खसखस इथं कुठं मिळते?”

प्रबोधनं तोंडाकडे नेलेली वाटी परत खाली ठेवली आणि तिच्यात डोकावून पाहिलं. “म्हणजे यात आहे?” त्यानं हळू विचारलं. “चार चमचे?” विश्वासनं उठून हॉलचं दार नीट लागलंय का ते बघितलं. प्रबोध म्हणाला, “नाही, मी आपलं विचारतोय. माझा इथं कायम राहायचा, पीआरचा अर्ज सरकारकडे आहे.” आता अंजलीनं काहीही केलं असतं तरी चाललं असतं. ती नुसती हसली असती तरी निभलं असतं. पण पाठ केलेल्या माणसाला पाठ केल्याबाहेरचं काही विचारलं की तो जे करतो तेच तिनं केलं. ती म्हणाली, “अगदी थोडीशीच घातलीय.” नीतानं वही मिटली. सुगत पळी घेऊन आबांच्या मागे उभा होता. त्याला वाटलं, आपल्या हलकटपणाचं फळ इतक्या लवकर आणि इतक्या माणसांसमोर मिळायला नको होतं. बोलायला हवं होतं, आणि तोंड उघडत नव्हतं, कारण जे बोलायचं ते आबांच्या डोक्यावरून बोलावं लागणार होतं.

“ह्यात खसखस न्हाई,” आबा म्हणाले.

ते शांतपणे बोलले. त्यांनी वाटी उचलली, आणखी एक घोट घेतला, जिभेवर धरला. “न्हाईच. काजू हाईत, पण दोन-चार. आणि दुसरं काय तरी हाय. तेलाचं बी हाय कसलं तरी, भाजून घातलंय. भाजताना एका बाजूनं जरा जास्त लागलंय. सूनबाई, काय हाय ते?” अंजली म्हणाली, “आबा, काजूच असतील.” आबांनी मान हलवली. “तिला कुठनं ठावं असणार. सुगत, तू सांग.” आणि सुगतच्या तोंडून निघून गेलं, “बुआ केरास.” “काय?” “बाजारातल्या मलय मावशीकडं मिळतात. खसखशीच्या जागी.” आबा मागे वळले नाहीत. टेबलाकडे बघतच बोलले, “आल्याच्या दिवशी कळलं मला. हिची बोटं कांद्याच्या वासाची, पण कांदा चिरणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी दिसतं, ते ह्याच्या डोळ्यांत. आणि करणाऱ्याला खावंसं वाटत न्हाई. मी एकतीस वर्षं दोनशे पोरं जेवल्यावर उभ्यानं दही-भात खाल्ला. आठ दीस बघतोय, हा बी तेच करतोय.”

झालं. चार वर्षं ज्या क्षणाची वाट बघितली तो हा क्षण, आणि सुगत पळी घेऊन त्याच्यात उभा होता. आता कुणीतरी म्हणेल, अरे, तू? कुणीतरी म्हणालंच. “अरे, तू करतोस?” प्रबोध सुटका झाल्यासारखा हसला आणि वाटी परत तोंडाला लावली. “मग बरोबर. वडील आचारी म्हटल्यावर तुला येणारच. रक्तातच असतं ते.” नीता जराशी हिरमुसून फोटो चाळत होती. आणि विश्वास तर सुगतकडे बघतही नव्हता. तो आबांकडे वळून बसला होता. “आबा, म्हणजे ही तुमचीच चव. मला पहिल्याच दिवशी वाटलं होतं. तुमच्या त्या रश्श्यासाठी आम्ही पंधरा दिवस रविवार मोजायचो. कधी सांगितलं नाही तुम्हाला.” सुगतला समजलं की श्रेय त्याच्या नाकासमोरून सरळ पुढच्या खुर्चीत जाऊन बसलं आहे. त्याला राग यायला हवा होता. पण मागून त्याला आबांचे कान दिसत होते, आणि ते लाल झाले होते. एकतीस वर्षांत ताटं परत यायची ती रिकामी, एवढीच काय ती पावती. जेवलेलं पोरगं आत येऊन काही बोललंय, असं त्यानं पोत्यावर बसून कधी पाहिलं नव्हतं.

“न्हाई बाबा,” आबा विश्वासला म्हणाले. “माझा असा कुठला? एवढं खोबरं मला कोण देणार हुतं? माझा पातळ असायचा, पीठ लावून दाट करायचो. भुकेनं गोड लागायचा तुम्हाला.” मग ते खुर्चीत अर्धे वळले आणि पहिल्यांदा सुगतकडे बघितलं. “तुला पळी का धरू दिली न्हाई, ठावं हाय?” सुगत म्हणाला, “कमीपणा नको म्हणून.” “कसला कमीपणा? दोनशे पोरं जगवली. त्यातलं एक कलेक्टर झालंय. कमीपणा न्हाई त्यात. आचाऱ्याला पंगत मिळत न्हाई, म्हणून. सगळी बसत्यात, गरम खात्यात, आणि करणारा उभा. माझं पोरगं बसावं, त्याला कुणी तरी वाढावं, एवढंच मला पायजे हुतं. आणि हितं इमानात बसून येऊन बघतो, तर तू उभा.”

प्रियदर्शिनीनं चमचा खाली ठेवला. “मग आठ दिवस बोलला का नाहीत, आबा?” सुगतनं विचारलं. “मला वाटलं, आवडलं नाही तुम्हाला.”

आबा भिंतीकडे बघायला लागले. “हा रस्सा मी जन्मभर केला,” ते म्हणाले. “बसून, गरम, कुणी तरी वाढलेला, असा कधी खाल्ला न्हवता. पयल्यांदाच खातोय. बोललो असतो तर तू थांबला असतास.”

अंजली उठली. तिनं नीताला सांगितलं, “ते फोटो काढून टाक बाई, आणि याचं नाव घाल,” आणि ती सिंकपाशी जाऊन साबणानं बोटं घासायला लागली, जोरजोरात. तिची खुर्ची मोकळी झाली. आबा टेबलाचा आधार घेत उभे राहिले आणि सुगतच्या हातातली पळी काढून घेतली. सुगतनं ती सोडली नाही, मग सोडली. “बस,” आबा म्हणाले. तो बसला. आबांनी पातेल्याचा तळ न ढवळता वरचा रस्सा अलगद घेतला, वाटीत ओतला, एकही थेंब कडेला लागू न देता, आणि पळी धरून त्याच्यामागे उभे राहिले. सुगतनं घोट घेतला. आबांचं म्हणणं बरोबर होतं, बी एका बाजूनं जरा जास्त लागलं होतं.

“कसा हाय?” आबांनी विचारलं.

सुगतनं वाटी संपवली आणि मागे न बघताच ती परत आबांच्या पळीखाली धरली.